नूतनीकरण केलेला जुना फ्लॅट घेताना

दादर, माटुंगा, गिरगाव किंवा विलेपार्ले यांसारख्या गजबजलेल्या वस्तीत विक्रीला येणारा फ्लॅट पुष्कळदा चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या सोसायटीतला असतो आणि मालकाने विकण्यापूर्वी त्याचे नूतनीकरण करून घेतलेले असते. दार उघडताच चकचकीत टाइल्स, पीओपीच्या छतातले पिवळे दिवे आणि ट्रॉल्यांचे स्वयंपाकघर दिसते, आणि देवघर कुठे ठेवायचे याची चर्चा घरातली मंडळी तिथेच सुरू करतात. ही चर्चा थोडी लांबवावी. सजावट दहा-बारा वर्षांत जुनी होणारच असते. आपण आयुष्यभराची पुंजी घालतो ती स्लॅब, नळ, कागदपत्रे आणि सोसायटी यांच्यासाठी, आणि नेमक्या याच गोष्टी नव्या रंगाखाली झाकल्या जातात.

फ्लॅट पाहायला गेल्यावर सर्वांत उपयोगी खोली त्या फ्लॅटमध्ये नसते, ती खालच्या मजल्यावर असते. काही वर्षांपूर्वी दादरला मी एक दोन खोल्यांचा फ्लॅट जवळजवळ पक्का केला होता. विसार देण्याच्या आदल्या दिवशी सहज खालच्या घराची बेल वाजवली, तेव्हा तिथल्या काकूंनी न्हाणीघराचे दार उघडले आणि वर बोट दाखवले. छताचा गिलावा फुगून पोपडे सुटले होते आणि खाली एक निळी बादली होती. “वरती नवीन फरशी घातल्यापासून ही बादली इथून हललेली नाही,” असे त्या म्हणाल्या. नवी टाइल बसवताना कंत्राटदाराने जुना कोबा फोडला, त्याबरोबर जलरोधक थरही फुटला आणि तो पुन्हा न करताच वर टाइल बसली, असा तो प्रकार होता. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे, संडास-न्हाणीघरातून होणाऱ्या अंतर्गत गळतीची दुरुस्ती संबंधित सदस्याने स्वखर्चाने करायची असते. म्हणजे मी तो फ्लॅट घेतला असता, तर किल्लीबरोबर त्या बादलीची जबाबदारीही माझ्याकडे आली असती.

म्हणून खालच्या घरी जाऊन छत पाहावे, आणि वरच्या घराखालचे आपले छतही तितक्याच बारकाईने पाहावे. पीओपीच्या छतात बसवलेला एखादा दिवा मालकाच्या परवानगीने काढून, त्या भोकातून मोबाइलच्या टॉर्चने आत पाहिले, तर मूळ स्लॅबचा गिलावा शाबूत आहे की गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या आहेत, हे दोन मिनिटांत कळते. मालकाने दिवा काढायला नकार दिला, तर तेही एक उत्तरच समजावे. फरशीवर रुपयाचे नाणे ठिकठिकाणी आपटून पाहावे. जिथे पोकळ आवाज येतो तिथे टाइलखाली सिमेंट नीट बसलेले नाही. दारे खालून कापलेली दिसली, तर जुन्या फरशीवरच नवी फरशी चढवलेली असण्याचा संभव असतो. त्याने स्लॅबवरचा भार वाढतो आणि न्हाणीघराचा उंबरा बुडून पाणी बाहेर येऊ लागते.

भिंतींचा प्रश्न याहून गंभीर आहे. सोसायटीकडून मंजूर नकाशाची प्रत मागून घ्यावी आणि ती हातात धरून घर फिरावे. हॉल मोठा करण्यासाठी काढलेली भिंत, खोलीत ओढून घेतलेली बाल्कनी, खालच्या घराच्या स्वयंपाकघरावर सरकवलेला संडास, हे सर्व नकाशाशी ताडून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. जुन्या इमारतींपैकी काहींत भार खांब-तुळयांवर नसून भिंतींवरच असतो आणि तिथे भिंत पाडणे म्हणजे अख्ख्या इमारतीशी खेळ असतो. या बदलांना सोसायटीची आणि आवश्यक तिथे महापालिकेची लेखी परवानगी होती का, हे विचारावे. “सेक्रेटरींना माहीत आहे” हे उत्तर परवानगी म्हणून धरू नये. मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब प्रमाणे ३० वर्षांहून जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण करून घ्यावे लागते. तो स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागून घ्यावा, आणि एवढा व्यवहार असताना दहा-पंधरा हजार रुपये वाचवण्यासाठी स्वतःचा अभियंता न नेण्याचा विचार करू नये.

विजेच्या बाबतीत नवी बटणे पाहून फसू नये. तारा जुन्याच असू शकतात. एसीला स्वतंत्र लाइन आणि एमसीबी (जादा भार आल्यास वीज आपोआप तोडणारे बटण) आहे का, अर्थिंग चालते का, हे ओळखीच्या वायरमनकडून पाहून घ्यावे. पाणी मात्र स्वतःच पाहावे लागते. मुंबईत ते ठराविक वेळीच येते, तेव्हा त्या वेळेला जाऊन सर्व नळ एकदम उघडून दाब पाहावा.

वस्तीचा गजबजाट हा गुण की दोष, हे ज्याचे त्याने ठरवावे, पण तो रविवारी सकाळी अकरा वाजता एजंटबरोबर जाऊन कळत नाही. मंडईजवळच्या इमारतीखाली पहाटे टेम्पो उतरवले जातात, गिरगावात विसर्जनाच्या दिवशी रस्ता माणसांनी भरून जातो, आणि शिवाजी पार्कच्या परिसरात ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंचा जनसमुदाय येतो. मला स्वतःला या शहरातली शांतता थोडी संशयास्पदच वाटते. तरी झोपण्याची खोली कोणत्या बाजूला आहे, हे मी आधी पाहतो.

कागदपत्रांत पहिला प्रश्न असा की, घर मालकीचे आहे की पागडीचे. पागडीत भाडेकरूचे हक्क मिळतात, मालकी नव्हे, आणि त्या घरांना गृहकर्ज मिळणे कठीण जाते. मालकीचे असल्यास बिल्डरपासून आजपर्यंतच्या सर्व करारांची अखंड साखळी, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), थकबाकी नसल्याचे सोसायटीचे पत्र आणि जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. मधला एखादा मालक वारला असेल, तर सर्व वारसांचे हक्क नीट मिटले आहेत की नाहीत, यातच निम्मे व्यवहार अडकतात.

सोसायटीच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते वाचायला मिळाल्यास जरूर वाचावीत. पुनर्विकासाचा ठराव झाला असेल, तर ज्या स्वयंपाकघरासाठी विक्रेता जास्तीचे दहा लाख मागतो आहे, ते काही वर्षांत मलब्यात जाणार आहे. भाव त्याप्रमाणे करावा.

पैशांचा हिशेब मागणीच्या आकड्यावर थांबत नाही. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के आहे, खरेदी केवळ महिलेच्या नावे असल्यास ५ टक्के, आणि ते करारातील किंमत व रेडी रेकनरची (सरकारी दरपत्रकातली) किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागते. नोंदणी शुल्क १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. किंमत ५० लाख किंवा अधिक असल्यास निवासी भारतीय विक्रेत्याला देण्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (आयकराची कपात) कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. ७५ लाखांवरील गृहकर्जात बँक घराच्या मूल्याच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देऊ शकते आणि त्या मूल्यात मुद्रांक शुल्क धरले जात नाही. हस्तांतरणाचा प्रीमियम म्हणून महापालिका क्षेत्रातील सोसायटीला २५,००० रुपयांहून अधिक घेता येत नाही. “बिल्डिंग फंडाला देणगी” म्हणून वर काही मागितल्यास नम्रपणे ही मर्यादा घालणाऱ्या सरकारी परिपत्रकाची आठवण द्यावी. फर्निचरचे पैसे रोखीने मागितले जातात, तेव्हा स्पष्ट नकार द्यावा.

ताबा घेताना किल्ल्यांबरोबर आणखी एक गोष्ट मागावी. काम चालू असताना भिंती उघड्या होत्या, तेव्हा मालकाने किंवा कंत्राटदाराने मोबाइलवर फोटो काढलेले असण्याची शक्यता असते. ते सर्व मागून घ्यावेत आणि जपून ठेवावेत, कारण दारावर तोरणासाठी खिळा ठोकताना आतला नळ कुठून गेला आहे, हे फक्त त्या फोटोंतच दिसते.