गिझर घरी बदलायचाय? पाण्याचं काम सोपंय, आधी अर्थिंग आणि भिंत बघा

थंडी पडली की सगळीकडे एकदमच गिझर टपकायला लागतात नाहीतर एमसीबी पाडायला लागतात, आणि नेमका तेव्हाच प्लंबर मिळत नाही. भिंतीवरचा साधा १५ लिटरचा इलेक्ट्रिक स्टोरेज गिझर काढून त्याच जागी नवीन लावणं हे घरी होण्यासारखं काम आहे, पाना आणि ड्रिलची सवय पाहिजे आणि धरायला सोबत एक माणूस पाहिजे, बास. हे फक्त इलेक्ट्रिक गिझरबद्दल लिहितोय हां. गॅस गिझरला स्वतः हात लावू नका, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, बंद बाथरूममध्ये माणूस बेशुद्ध पडतो आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही.

आधी खरंच बदलायची गरज आहे का ते बघा. चालू केल्या केल्या एमसीबी पडत असेल तर बहुतेक वेळा एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) गेलेलं असतं, पाणी कोमटच येत असेल तर थर्मोस्टॅट (पाणी किती तापवायचं ते ठरवणारा भाग) गेला असेल किंवा बोअरच्या पाण्याने एलिमेंटवर क्षाराचा जाड थर बसला असेल, खालच्या प्लेटच्या कडेने टपकत असेल तर गास्केट, म्हणजे मधली रबरी रिंग. ही सगळी दुरुस्ती काही शे रुपयांपासून होते, त्यासाठी गिझर फेकू नका. टाकीलाच भोक पडून बॉडीतून पाणी येत असेल तर मात्र बदलायचाच, तिथे वेल्डिंग नाही आणि एम-सील तर नाहीच नाही.

आता वायरिंग, आणि इथे घाई करू नका कारण जीव जातो तो इथेच. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर खेचतो आणि ३००० वॅटचा १३, म्हणजे मोबाईल चार्जरच्या छोट्या ६ अँपिअरच्या प्लगवर हा चालवायचा नाही, १६ अँपिअरचा मोठा प्लग, त्याला स्वतंत्र एमसीबी, आणि २००० वॅटसाठी कमीत कमी अडीच स्क्वेअर एमएमची कॉपर वायर पाहिजे. ३००० वॅटचा घेणार असाल तर चार स्क्वेअर एमएमची घ्या. प्लगचं वरचं मोठं भोक अर्थिंगचं, पण जुन्या घरांमध्ये कित्येकदा त्याच्या मागे वायरच नसते, आणि त्याहून वाईट म्हणजे काही जण तिथे न्यूट्रलचाच तुकडा जोडून ठेवतात, मग न्यूट्रल कुठे तुटला की गिझरची अख्खी बॉडी आणि नळ करंट मारतो. म्हणून अर्थिंग लायसन्सवाल्या वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्या, आणि घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाईट तोडणारा स्विच) नसेल तर त्याच वेळी बसवून घ्या. नवीन पॉइंट काढायचा असेल तरी तोच माणूस बोलवा, ते घरचं काम नाही. अर्थिंग नसेल तर गिझर लावूच नका, गॅसवर पाणी तापवून महिना काढला तरी चालेल पण हे नको.

विकत घेताना आयएसआय मार्क आणि स्टार लेबल बघा, पण त्याहून जास्त महत्त्वाचं म्हणजे किती बार प्रेशरचा आहे ते. पाण्याची उंची १० मीटर वाढली की साधारण १ बार प्रेशर वाढतं, म्हणजे उंच टॉवरमध्ये खालच्या मजल्यावर राहत असाल किंवा लाईनला प्रेशर पंप असेल तर ८ बारचाच घ्या. उभा गिझर आडवा टांगता येत नाही, आडवा हवा असेल तर वेगळं मॉडेल येतं आणि त्यात पाईप डावीकडे की उजवीकडे हेही बघावं लागतं. दुकानात जायच्या आधी जुन्याचं माप घ्या: दोन खिळ्यांमधलं अंतर, खालच्या दोन पाईपमधलं अंतर, छतापर्यंतची जागा. वॉरंटी कार्डपण नीट वाचा, कंपनीच्या माणसाने लावला तरच वॉरंटी अशी अट असेल तर सरळ त्यालाच लावू द्या.

सामान: दोन पाने, पक्कड, टेस्टर, टेफ्लॉन टेप, नवीन कनेक्शन पाईप दोन (जुने परत वापरू नका, आतलं रबर कडक झालेलं असतं), वायसर, ड्रिल, फास्टनर, बादली, शिडी.

जुना काढताना आदल्या रात्रीच गिझर बंद करून ठेवा म्हणजे आतलं पाणी निवतं. एमसीबी पाडा, प्लग काढा, प्लग नसून डायरेक्ट वायर जोडलेली असेल तर टेस्टरने खात्री केल्याशिवाय हात लावू नका. थंड पाण्याचा कॉक बंद करा, नाहीतर गच्चीवरच्या टाकीचा. मग गरम पाण्याचा नळ उघडाच ठेवा आणि खाली बादली धरून निळ्या बाजूचा, म्हणजे इनलेटचा पाईप सोडा, त्याच्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह असेल तर तोही काढा कारण तो टाकीतलं पाणी मागे येऊ देत नाही, वरून हवा आत गेली की टाकी रिकामी होते. नट गंजून बसला असेल तर जोर लावायचा नाही. एका पान्याने भिंतीकडची फिटिंग घट्ट धरायची आणि दुसऱ्याने नट फिरवायचा, कारण भिंतीतला एल्बो (पाईपची कोपऱ्याची फिटिंग) फिरला किंवा तुटला की टाईल फोडल्याशिवाय इलाज नाही आणि मग गिझरच्या कामाचं बाथरूमचं काम होतं. डब्ल्यूडी फोर्टी, म्हणजे गंज सोडवणारा स्प्रे, मारून पंधरा मिनिटं थांबा, बहुतेक सुटतो. उतरवताना दोघं पाहिजेत, पाणी काढलं तरी आत क्षार साचून तो चांगलाच जड झालेला असतो.

भिंतीचं सांगतो. भरलेला १५ लिटरचा गिझर सहज २५ किलोच्या आसपास जातो. विटांची किंवा काँक्रीटची भिंत असेल तर साधे फास्टनर धरतात, पण नवीन बिल्डिंगमध्ये सिपोरेक्सचे हलके ब्लॉक असतात, त्यात साधा फास्टनर आवळला की ब्लॉकचा भुगा होतो, तिथे त्या ब्लॉकसाठी येणारे लांब नायलॉनचे फास्टनर किंवा केमिकल अँकर (भोकात चिकट केमिकल भरून पक्का बसवायचा बोल्ट) लागतात. ड्रिल करताना कसली पावडर निघतेय बघा, लाल म्हणजे वीट, करडी म्हणजे सिमेंट, पांढरट आणि ड्रिल लोण्यासारखं आत गेलं तर ब्लॉक. टाईलवर मास्किंग टेप लावून हॅमर मोड बंद ठेवून भोक पाडा, टाईल पार झाल्यावरच हॅमर चालू करा. जुनी भोकं मोठी झाली असतील तर त्यात काड्या ठोकून भागवू नका, चार बोटं बाजूला नवीन पाडा, फक्त भिंतीत पाईप कुठून गेलाय ते बघून.

लटकवल्यावर आधी हाताने ओढून बघा. मग इनलेटला सेफ्टी व्हॉल्व्ह, ज्याला मल्टी फंक्शन व्हॉल्व्ह म्हणतात, तो बाणाच्या दिशेने बसवा. टाकीत प्रेशर वाढलं की तो सोडतो आणि टाकीतलं पाणी मागे जाऊ देत नाही. हा बॉक्समध्येच येतो, तो न लावता सरळ पाईप जोडणारे लोक आहेत, तसं करू नका. टेफ्लॉन आट्यांवर गुंडाळायचा, घड्याळाच्या दिशेने, पण कनेक्शन पाईपच्या नटला वायसर असतो तिथे टेपची गरज नाही. हाताने घट्ट करून मग पान्याने अर्धा फेरा पुरतो, जास्त आवळलं तर टाकीचा निपलच सैल होतो. लाल बाजूला गरम पाण्याची लाईन, ती सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारं प्लास्टिक) किंवा जीआयची (लोखंडी) असावी, साधा पांढरा पीव्हीसी गरम पाण्याला मऊ पडतो.

आता क्रम चुकवायचा नाही: आधी पाणी, मग लाईट. कोरड्या टाकीत एलिमेंट चालू झालं तर मिनिटात जळू शकतं. गरम पाण्याचा नळ उघडा, थंडाचा कॉक सोडा, आधी फुसफुस हवा येईल, मग सलग धार लागली की नळ बंद. प्रत्येक जोडावर टिश्यू पेपर फिरवा आणि पंधरा मिनिटांनी परत फिरवा. सगळं कोरडं असेल तर हात पुसून प्लग लावा आणि थर्मोस्टॅट ५५ च्या आसपास ठेवा. २००० वॅटला १५ लिटर पाणी २५ डिग्रीवरून ५५ वर न्यायला सोळा-सतरा मिनिटं लागतात, तेवढ्यात लाल दिवा विझायला पाहिजे. गिझर चालू असताना टेस्टर बॉडीला आणि नळाला लावून बघा, दिवा लागला तर एमसीबी पाडा आणि वायरमनला बोलवा, तोपर्यंत कोणी अंघोळीला जायचं नाही. पाणी तापल्यावर जोड परत एकदा तपासा आणि पहिलं पाणी सोडून द्या.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना चार थेंब पडले तर घाबरू नका, पाणी तापून फुगतं ते तिथून बाहेर येतं. तिथे बूच मारायचं नाही, छोटी नळी लावून मोरीकडे सोडा, आणि थेंबाऐवजी सतत धारच लागली तर लाईनचं प्रेशर जास्त आहे, प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या. बोअरचं पाणी असेल तर वर्ष-दोन वर्षांनी टाकी उघडून एलिमेंट साफ करून घ्या आणि आतला मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर तोही बदला, टाकीला गंज लागायच्या आधी तो झिजतो म्हणूनच तो दिलेला असतो. लावल्याची तारीख मार्करने गिझरच्या बाजूला लिहून ठेवा म्हणजे हिशोब राहतो.