घरातील अ‍ॅस्बेस्टॉसच्या कचऱ्याची सुरक्षित आणि कायदेशीर विल्हेवाट

जुने सिमेंटचे पत्रे, पाण्याच्या टाक्या, सांडपाण्याचे पाइप किंवा गरम पाण्याच्या नळांवरचे वेष्टन यांत अ‍ॅस्बेस्टॉस (एक तंतुमय खनिज) असू शकतो. तो नुसत्या नजरेने ओळखता येत नाही, म्हणून प्रयोगशाळेच्या तपासणीत नसल्याचे सिद्ध होईपर्यंत तो आहे असे धरूनच वागावे. शाबूत पत्र्यापासून फारसा धोका नसतो. मात्र तो फुटला, कापला किंवा घासला गेला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत मिसळतात, श्वासावाटे फुप्फुसांत रुततात आणि त्यातून उद्भवणारा कर्करोग कित्येकदा २० ते ५० वर्षांनी प्रकट होतो. घरात कोणालाही त्रास झालेला दिसत नाही, एवढ्यावरून निश्चिंत होणे म्हणूनच फार धोक्याचे आहे.

पत्रे उतरवण्याआधीच हा कचरा कोण स्वीकारते, तो कसा बांधून द्यावा लागतो आणि घरमालकाला तो स्वतः हाताळण्याची परवानगी आहे का, याची स्थानिक प्रशासनाकडे चौकशी करावी, कारण हे नियम ठिकाणागणिक बदलतात. नळांवरचे भुसभुशीत वेष्टन किंवा छतावर फवारलेला थर यांना परवानाधारक व्यावसायिकाखेरीज कोणीही हात लावू नये. याबाबत माझ्या मते कोणतीही सवलत असू नये.

परवानगी असल्यास पत्रे न फोडता, स्क्रू काढून, अखंड उतरवावेत. भांडी धुण्याच्या द्रवाचे थोडे थेंब घातलेल्या पाण्याची हलकी फवारणी करून ते सतत ओले ठेवावेत; जोराचा फवारा मारू नये, कारण त्याने पृष्ठभाग खरवडला जातो. साधा कापडी किंवा शस्त्रक्रियेचा मास्क हे तंतू अडवत नाही. एफएफपी३ दर्जाचा (अतिसूक्ष्म कण अडवणारा), चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क आणि एकदाच वापरायचा अंगरखा घालावा. सांडलेला चुरा झाडू नये, घरगुती व्हॅक्यूम क्लीनरही लावू नये. तो ओल्या फडक्याने टिपून ते फडके याच कचऱ्यात टाकावे.

ओले पत्रे आणि पडलेले तुकडे सुमारे २०० मायक्रॉन जाडीच्या प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळून चिकटपट्टीने बंद करावेत आणि त्यावर अ‍ॅस्बेस्टॉस असल्याची ठळक सूचना लिहावी. वापरलेला मास्क आणि अंगरखाही त्यातच जावा. हे गाठोडे बांधकामाच्या राडारोड्यात मिसळणे, भराव म्हणून पुरणे किंवा भंगारात देणे म्हणजे धोका दुसऱ्याच्या अंगणात ढकलणे होय. ते अधिकृत वाहतूकदारामार्फत मान्यताप्राप्त घातक कचरा केंद्रातच पोहोचवावे आणि मिळालेली पावती घराच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवावी.