जुन्या कवयित्रीचं माहेर कसं शोधायचं

घरातल्या पेटीत पदांचं, आरत्यांचं एखादं बारीकसं पुस्तक निघतं. मुखपृष्ठावर नुसतं 'सौ. लक्ष्मीबाईकृत', खाली शके १८०५. बाई कोण, कुठली, पत्ता नाही. लोक लगेच आडनावामागे लागतात. मी आधी छापखान्याचं नाव आणि शक वाचते.

शकात ७८ मिळवा. पौषापासून पुढं बहुधा ७९. म्हणजे पुस्तक १८८३ किंवा ८४ चं. मग शंकर गणेश दात्यांच्या 'मराठी ग्रंथसूची'त ते आहे का पाहा. तिथं असो-नसो, मुंबई इलाख्याची त्या वर्षाची सरकारी यादी काढाच. १८६७ च्या कायद्यानं छापलेल्या पुस्तकांची नोंद सरकारात होई आणि दर तिमाहीला यादी निघे: छापखाना, पानं, प्रती, किंमत. आपल्या कामाचा रकाना शेवटाकडचा. पुस्तकाचा हक्क कोणाचा आणि तो राहतो कुठं, हे त्यात असतं. तिथं पुस्तकविक्रेता निघाला तर हात हलवत परत या. पण नवरा, भाऊ किंवा मुलगा निघाला, तर आडनाव आणि गाव एकदमच हाती लागतं.

आता कुलवृत्तान्त, म्हणजे एकेका घराण्याच्या वंशावळीचं छापील पुस्तक. सासरच्या घराण्यात ती 'पत्नी' म्हणून सापडेल. माहेरच्या पुस्तकात मात्र लक्ष्मीबाई शोधू नका, कारण लग्नात नाव बदललेलं असणार. रमाबाई रानडे आणि आनंदीबाई जोशी, दोघीही माहेरी यमुनाच होत्या! म्हणून मुलींच्या नोंदीत नाव सोडा आणि 'कोणाला दिली' ते वाचा. जावयाचं नाव जुळलं की काम झालं. मुलींची नोंदच न घेणारे कुलवृत्तान्तही आहेत. त्या संपादकांना काय म्हणावं!

कुलवृत्तान्त सगळ्या घराण्यांचे नाहीत. नसेल तर नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघा; यात्रेला आलेल्या घराण्यांची नावं ते त्यात लिहून ठेवतात. मूळ गाव आणि आडनाव सांगावं लागतं, आणि आडनाव बदललेलं असू शकतं: फुल्यांचं मूळ आडनाव गोऱ्हे. जुन्या नोंदी मोडीत असतात, वाचणारा सोबत न्या. पुरुषांची नावं भराभर वाचून दाखवतात. आई, आजी लिहिली आहे का, ते आपणच विचारायचं.

घरात हस्तलिखित बाड असेल तर मी कवितांआधी मलपृष्ठाच्या आतली बाजू बघते. एका बाडात तिथं धोब्याचा हिशेब होता, आणि त्याखाली त्याच अक्षरात 'दादास पत्र धाडणे, मिरज'. माहेरची वाट तिथून सुरू झाली. पदाच्या शेवटच्या ओळीतलं नाव मात्र जपून घ्या, ते गुरूचंही असतं.

नवऱ्याच्या नोंदीत बायका दोन असतील तर थांबा. बिजवराशी लग्न तेव्हा सर्रास होई. थोरल्या मुलाचं जन्मवर्ष, पहिलीचं मृत्युवर्ष आणि पुस्तकाचं वर्ष कागदावर एकाखाली एक मांडा. पुस्तक पहिलीच्या मृत्यूनंतरचं असेल आणि वर 'सौ.' छापलेलं असेल, तर दुसरीचं माहेर शोधायला घ्या.