आपल्या होस्टेलचा जुना कारभार कसा शोधायचा

होस्टेलचा इतिहास लिहायचा म्हटलं की लोक कोनशिला, अध्यक्षांची यादी आणि स्मरणिका घेऊन बसतात. पण पोरं जेवली काय, भांडी कोणी घासली, पैसे संपले की काय केलं, हे तिथं सापडत नाही, ते मेसच्या हिशोबात असतं. त्यामुळं ऑफिसात गेलात की आधी कोठी रजिस्टर (धान्य-किराण्याच्या साठ्याची वही) आणि मेसची हजेरी मागा, मग कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, आणि वेळ उरला तर मीटिंगांचं प्रोसिडिंग बुक. क्लार्क म्हणतील जुनं काही राहिलं नाही. तरी माळा, स्टोअररूम बघू का म्हणून विचारा आणि जमलं तर आजच जा, कारण साताऱ्यातल्या एका होस्टेलात मी पोचलो तेव्हा पोतंभर वह्या आदल्याच दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेल्या होत्या, अजून हळहळ वाटते.

वही हातात आली की साल बघा. 1 एप्रिल 1957 च्या आधीचा हिशोब रुपये-आणे-पै मध्ये असतो, म्हणजे तीन रकाने, 16 आण्यांचा रुपया आणि 12 पैचा आणा. धान्य शेर-मणात, 40 शेरांचा एक मण. त्याहून जुन्या वह्या मोडी लिपीत असल्या तर घाबरू नका, फोटो काढा आणि मोडी वाचणारा गाठा.

मग महिन्याचा दर काढा, यात खरी मजा आहे. समजा 40 पोरं, महिना 30 दिवसांचा, म्हणजे 1200 हजेऱ्या, त्यातले 50 खाडे (जेवायला नसल्याचे दिवस), उरले 1150. खर्च 598 रुपये असेल तर दिवसाचा दर 52 पैसे. असे बारा महिने मांडले की वर्ष डोळ्यासमोर उभं राहतं. मी पाहिलेल्या एका वहीत तेलाचा डाग पडलेल्या पानावर ओळीनं सात नावांपुढं खाडे आणि शेऱ्यात फक्त "सुगीला गावी". पोरं कापणीला घरी गेली की आचाऱ्याचा पगार आणि जळण उरलेल्यांवर वाटलं जायचं, म्हणून त्या महिन्याचा दर चढलेला. कुठल्या घरची पोरं शिकत होती ते या दोन शब्दांत कळतं.

आणि साताऱ्यात काम करताय तर भाऊराव पाटलांचं बोर्डिंग डोक्यात ठेवूनच प्रश्न काढा. त्यांची रयत शिक्षण संस्था 1919 मध्ये कऱ्हाडजवळ काल्याला सुरू झाली, 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग आलं आणि 25 फेब्रुवारी 1927 ला गांधीजींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. सगळ्या जातीची पोरं एकत्र राहायची, एकत्र जेवायची, कामं स्वतः करायची, आणि तिजोरीत काही नसायचं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. पुढं 1947 ला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तिथंही कमवा आणि शिका चाललं. म्हणून कुठल्याही जुन्या होस्टेलबद्दल पहिला प्रश्न हाच, पंगत एक होती का? स्वयंपाक कोण करायचं, पाणी कोण भरायचं, आणि जातीनुसार वेगळ्या खोल्या होत्या का?

हे कागदावर क्वचितच असतं, त्यासाठी माजी विद्यार्थी गाठायचे. आजोबांना "तुमच्या काळी शिस्त कशी होती" असं विचारू नका, सगळे छान होती म्हणतात. "तुमच्या ताटाशेजारी कोण बसायचं" विचारा, "रेक्टर रात्री हजेरी कधी घ्यायचे, उशीर झाला तर काय" विचारा. रेकॉर्डिंगची परवानगी घ्या आणि सोबत वहीच्या पानाचा फोटो न्या, स्वतःचं नाव दिसलं की माणूस आपोआप बोलायला लागतो.

जुना पत्रव्यवहार शोधताना एक लक्षात ठेवा, शिवाजी विद्यापीठ 1962 ला झालं. त्याआधीची कॉलेजची पत्रं पुणे विद्यापीठाच्या नावानं असतील, आणि 1949 च्या आधीची मुंबईच्या, तेव्हा फाइल न सापडल्यास त्या नावांखाली बघा.