सव्वा डॉलरच्या आत: जिओकॅशच्या डब्यात काय ठेवावं?

सासूबाई पहिल्यांदा आमच्याकडे सिएटलला आल्या, तेव्हा शनिवारी सकाळीच नातवंडं मागे लागली, "आजी, चल, कॅश शोधायला जाऊ." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "इथे रानात पैसे सापडतात?"

पैसे नाही, पण देवदाराच्या मुळांत सरकवून ठेवलेला एक हिरवा पत्र्याचा डबा सापडला. मुलांनी झाकण उघडलं. आत एक चाक गेलेली मोटार, गोल्फचे तीन चेंडू, कुणाचं तरी भिजलेलं व्हिजिटिंग कार्ड, गंजलेली किल्ल्यांची कडी आणि लगदा झालेले स्टिकर. सासूबाईंनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "हा तर आपला अडगळीचा खण!"

त्यांचं बरोबर होतं. एवढी पायपीट करून अडगळ सापडली की मुलं दुसऱ्यांदा यायला तयार होत नाहीत. गंमत म्हणजे चांगला डबा भरायला पैसे जवळजवळ लागतच नाहीत, थोडा विचार लागतो. तो कसा करायचा ते लिहिते.

जिओकॅशिंगचा हा खेळ नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: कुणीतरी डबा, म्हणजेच 'कॅश', लपवतं, त्याचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतं, बाकीचे फोनमधल्या जीपीएसने तो शोधतात, आतल्या वहीत नाव-तारीख लिहितात आणि मोठ्या डब्यांतून एखादी वस्तू घेऊन बदल्यात दुसरी ठेवतात. २ मे २००० ला अमेरिकी सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतातली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळच्या जंगलात डेव्ह अल्मर यांनी पहिला डबा, म्हणजे खरं तर एक बादली, ठेवली. तेव्हाच नियम ठरला: काही घ्या, काही ठेवा. त्या बादलीत पुस्तकं होती, सॉफ्टवेअर होतं, गलोल होती आणि बीन्सचा एक डबाही होता. आजच्या नियमांनुसार तो बीन्सचा डबा चालला नसता, पण त्याकडे पुढे येऊ.

आधी डबा केवढा आहे ते बघा

प्रत्येक कॅशच्या पानावर आकार दिलेला असतो. घरातून निघण्यापूर्वी तो वाचायची सवय लावा. 'मायक्रो' म्हणजे शंभर मिलिलिटरपेक्षा लहान. जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची डबी आठवा. त्यात फक्त सहीची गुंडाळी मावते. तिथे काही कोंबू नका, पुढच्याला ती गुंडाळी बाहेर निघत नाही आणि फाटते. 'स्मॉल' शंभर मिलिलिटर ते एक लिटर, म्हणजे साधारण शाळेच्या डब्याएवढा. 'रेग्युलर' एक ते वीस लिटर. लष्करी काडतुसांचे ते पत्र्याचे डबे याच गटात येतात. त्याहून मोठे क्वचित भेटतात.

माझा नियम सोपा आहे: वस्तू काडेपेटीपेक्षा मोठी नको. मग ती स्मॉलमध्येही बसते आणि रेग्युलरमध्येही, आणि दरवेळी वेगळी पिशवी भरावी लागत नाही.

मग काय ठेवायचं नाही ते ठरवा

निवडीचं निम्मं काम इथेच होतं.

खाण्याची कुठलीही वस्तू नको. चॉकलेट नको, च्युइंगगम नको, सीलबंद असलं तरी नको. नियमातच मनाई आहे, आणि कारण रानात राहतं: रकून, खारी, उंदीर, काही भागांत अस्वलं. पण खाण्याइतकाच वासही वाईट, हे मला उशिरा कळलं. सुरुवातीला मी मोठ्या हौसेने भारतातून आणलेली चंदनाच्या साबणाची छोटी वडी एका प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवली होती. काय सुरेख वास, कुणीतरी खूश होईल, असं वाटलं. महिन्याभराने डबा लपवणाऱ्या मालकाने त्याचा फोटो टाकला. झाकणाच्या एका कोपऱ्यावर दातांच्या खुणा, आत पाणी, वही फुगलेली. खूश झालं होतं ते भलतंच कुणीतरी. तेव्हापासून साबण, अगरबत्ती, अत्तर, वासाचे खोडरबर, वासाच्या मेणबत्त्या सगळं बाद. मेणबत्ती बिनवासाची असली तरी उन्हात तापलेल्या पत्र्याच्या डब्यात ती सगळ्या वस्तूंवर पसरते.

द्रव पदार्थही नकोत. साबणाच्या फुग्यांची बाटली मुलांना फार आवडते, पण ती गळते. शाईचं पेन थंडीत लिहीत नाही आणि उन्हात ओघळतं, पेन्सिल द्यावी. चाकू, लायटर, फटाके, काडतुसं, दारू यांना तर नियमानेच बंदी आहे. तंबाखू आणि औषधंही नकोत. डबा उघडणारा हात सहा वर्षांच्या मुलाचा असू शकतो. त्याच कारणाने काचेच्या बांगड्याही मी ठेवत नाही, कितीही सुंदर दिसल्या तरी. जाहिरातीची कार्डं आणि धर्मप्रचाराची पत्रकंही नकोत. डबा खेळाचा आहे.

आपल्याकडच्यांसाठी एक खास सूचना. सागरगोटे, चिंचोके, गुंजा आठवणीने छान वाटतात, पण त्या बिया आहेत. परदेशात बिया नेण्यावर कडक नियम असतात आणि गुंज तर विषारी. त्या घरीच राहू द्या.

उरलेल्या वस्तूंची मी एक परीक्षा घेते. डझनभर आणलेल्यांपैकी एक नग रात्रभर पाण्याच्या पेल्यात बुडवते, नंतर दिवसभर फ्रीझरमध्ये. बाहेर काढल्यावर ती आधीसारखीच दिसली तर पास. रंग सुटला, गंज आला, थर सुटे झाले तर नापास. इथे नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस चालूच असतो, त्यामुळे ही परीक्षा फारशी कडक म्हणता येणार नाही. कागदाची कुठलीही वस्तू या परीक्षेत पडते. ती द्यायचीच असेल तर छोट्या झिप पिशवीत, हवा काढून.

नाण्यांपासून सुरुवात करा

स्वस्त आणि तरीही कुणी टाकून देणार नाही अशी वस्तू कोणती, असं विचाराल तर माझं पहिलं उत्तर नाणं. लहान, जड, पाण्याला न भिणारं, आणि किंमत त्याच्यावरच छापलेली.

अमेरिकेत १९९९ ते २००८ या काळात पन्नास राज्यांची पन्नास क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटची नाणी, निघाली, दरवर्षी पाच. २०१० ते २०२१ मध्ये राष्ट्रीय उद्यानं आणि तशा ठिकाणांची छप्पन्न निघाली. अजूनही ती सुट्या पैशांत सहज येतात. त्यातली चकचकीत बाजूला काढून ठेवायची. जमा करणाऱ्या मुलाला हवं असलेलं राज्य डब्यात सापडलं तर त्याच्या दृष्टीने तो खजिना, आणि तुमचा खर्च पंचवीस सेंट. थोडं सढळ व्हायचं असेल तर बँकेत सोनेरी एक डॉलरचं नाणं मागा. ते खरंच एका डॉलरला मिळतं, आणि रोज हातात येत नसल्यामुळे मोठी माणसंसुद्धा ते उचलतात.

पण आमच्या घरचं सगळ्यात यशस्वी नाणं सासूबाईंच्या पर्समधून निघालं. गेंड्याचं चित्र असलेले पंचवीस पैसे. १९८८ ते २००२ च्या दरम्यानचं हे नाणं स्टेनलेस स्टीलचं आहे, त्यामुळे गंजाची चिंता नाही. ३० जून २०११ पासून चार आणे चलनातून गेले, म्हणून भारतात त्याला आता काही मोल नाही. कुणाच्या देवघरातल्या डबीत, कुणाच्या शिवणाच्या पेटीत पडून असतात. इथल्या मुलाला मात्र गेंडा असलेलं नाणं म्हणजे काहीतरी भलतंच. सोबत बोटभर कागदावर "भारत, पंचवीस पैसे, आता चलनात नाही" एवढं इंग्रजीत लिहून दोन्ही एका पिशवीत घालते. चिठ्ठी नसेल तर अर्धी मजा जाते, कारण नाण्यावरचं सगळंच वाचता येईल असं नाही.

बाकीची खरेदी: डझनाने, आणि सण उलटल्यावर

बहुतेक माल सव्वा-दीड डॉलरला विकणाऱ्या दुकानांत एकेक वस्तू घेऊ नका. सहा किंवा बारा नगांची पाकिटं घ्या. हॅलोविन किंवा ईस्टर संपल्याच्या आठवड्यात तोच माल अर्ध्या किमतीत असतो. मी वर्षातून दोनदा जाते. दहा डॉलरमध्ये साधारण तीस वस्तू होतात, म्हणजे एक वस्तू तेहेतीस सेंटच्या आसपास.

मुलांसाठी काचेच्या गोट्या, रबराचे डायनोसोर, छोटे भोवरे, घासून गुळगुळीत केलेले रंगीत दगड. दगड वजनावर मिळतात आणि त्यांना काहीही होत नाही; माझ्या मते सगळ्यात कमी लेखलेली वस्तू हीच.

मोठ्यांसाठी काहीतरी वाटेत उपयोगी पडणारं. छोटं कॅराबिनर (चाप असलेली धातूची कडी), शिट्टी, बटणाएवढं होकायंत्र, घडीचा प्लॅस्टिकचा रेनकोट, पिशवीत बंद केलेल्या चार चिकटपट्ट्या. छोटा टॉर्च चालेल, पण सुटे सेल ठेवू नका, ते ओलीत फुटून सगळं खराब करतात. रिकाम्या झिप पिशव्या आणि टोक काढलेली पेन्सिल ही तर देणगीच समजा. डब्याचा मालक मनातल्या मनात दुवा देतो.

भारतात चक्कर होणार असेल तर सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत. बोटभर भोवरा किंवा इवलंसं लाकडी फळ तिथे मिळून जातं. ते मी फक्त कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते, तेही पिशवीत. सगळीकडे वाटायला ती कारागिरी नाही.

घरी बनवलेलं

नियमित खेळणारे लोक स्वतःची खूण म्हणून एकच वस्तू सगळीकडे ठेवतात: लाकडी चकती, मण्यांची कडी, काहीही. ती लोक जमवतात. आमच्या मुलीने त्यासाठी वारली माणसं निवडली. तळाशी त्रिकोणात सहा आकडा असलेलं पारदर्शक प्लॅस्टिक घ्यायचं, म्हणजे केकचे किंवा सॅलडचे काही डबे, नाहीतर दुकानात मिळणारे तयार ताव. त्यावर कायम शाईच्या मार्करने चित्र काढायचं, कापायचं, कडीसाठी भोक आधीच पाडायचं (नंतर पडत नाही), आणि ओव्हनमध्ये सुमारे १६५ अंश सेल्सिअसवर दोन-तीन मिनिटं ठेवायचं. ते आधी वळवळतं, घाबरू नका. मग आपोआप सपाट होतं, आकाराने सुमारे एक तृतीयांश आणि चांगलं जाड. खिडकी उघडी ठेवा आणि हे काम मोठ्यांनीच करा. डबे कचऱ्यातलेच असल्यामुळे खर्च फक्त मार्करचा.

डब्यापाशी

रीत अशी आहे: घेतलंत त्याच्या बरोबरीचं किंवा वरचढ ठेवा, नाहीतर काही घेऊच नका. काही न घेता, न ठेवता फक्त सही करणं यात कमीपणा नाही. नोंदीत लोक त्यासाठी 'टीएनएलएन' (टुक नथिंग, लेफ्ट नथिंग) एवढंच लिहितात.

अडचण येते ती मुलांची. मुलगा आपली लाडकी गोटी ठेवतो आणि होकायंत्र उचलतो. त्याच्या हिशेबाने सौदा बरोबर असतो. तिथे रानात उभं राहून त्याला बाजारभाव शिकवू नका. खिशात दोन चांगल्या वस्तू वेगळ्या ठेवा आणि मुलं पुढे पळाली की त्यातली एक हळूच आत टाका.

सैनिकांच्या ओळखपट्टीसारखी धातूची पट्टी आणि तिच्यावर क्रमांक दिसला तर ती अदलाबदलीची वस्तू नाही. ती 'ट्रॅव्हल बग'. तिला प्रवास करायचा असतो. पुढच्या डब्यात पोचवता येणार असेल तरच घ्या, संकेतस्थळावर क्रमांक नोंदवा आणि पुढे सोडा. बदल्यात काही ठेवायची गरज नाही. ती घरी ठेवून घेणं म्हणजे वाचनालयाचं पुस्तक ढापणं. तो पहिल्या बादलीतला बीन्सचा डबासुद्धा आता अशीच क्रमांकाची पट्टी लावून फिरतो. खाण्याच्या वस्तूला मिळालेली ही बहुधा एकमेव सवलत असावी.

लगदा झालेले कागद आणि तुटके तुकडे दिसले तर ते आपल्या कचऱ्याच्या पिशवीत घाला आणि नोंदीत मालकाला कळवा. वही ओली असेल तर तेही लिहा. झाकण लावताना रबरी कडेत पिशवीचं टोक अडकलेलं नाही ना, ते बोट फिरवून पाहा. पाणी बहुतेक वेळा तिथूनच शिरतं. डबा होता तिथे, होता तसा ठेवा.

पिशवी गाडीतच ठेवा. आमची आहे शाळेच्या पेन्सिलींची जुनी झिपवाली पिशवी: आठ-दहा वस्तू, दोन पेन्सिली, रिकाम्या पिशव्या, एक कचऱ्याची पिशवी. गेल्या खेपेला सासूबाई आल्या त्या दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले चार आणे घेऊन. शेजारपाजारच्यांकडूनही मागून आणले होते. मोजले तर एकशे बारा गेंडे निघाले.