गावात नवं लेआउट येतंय? आधी मे महिन्यातलं पाणी मोजा

लातूर शहराच्या कडेला आमचं गाव. सोयाबीनच्या रानात आता प्लॉटिंगचे दगड रोवलेले दिसतात. गावच्या पाणीपुरवठा समितीचं काम मी बरीच वर्षं केलं, त्यामुळे आजूबाजूच्या गावांतले सदस्य अजूनही विचारतात, "ताई, लेआउटवाला पाण्याचा दाखला मागतोय, द्यायचा का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. हा दाखला म्हणजे नव्या घरांना पुरेल एवढं पाणी आहे असं ग्रामपंचायतीनं लिहून देणं, म्हणून हो किंवा नाही म्हणायच्या आधी पाणी मोजा. किती घरांना दाखला द्यायचा ते मोजल्यावर कळतं.

लातूरकरांना याचं कारण सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. पहिल्या गाडीनं साधारण ५ लाख लिटर आलं, पुढे ५० वाघिणींची गाडी एका खेपेला २५ लाख लिटर आणू लागली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांच्या वर होती. ते २५ लाख लिटर सगळ्यांत वाटलं तर माणशी साडेसहा लिटर येतात, एवढंच. त्यानंतर शहर चहूबाजूंनी वाढलं, धरण मात्र तेच आहे.

आता हिशेबाला बसू. समजा ९० प्लॉटचं लेआउट आहे. घरी ५ माणसं धरा, म्हणजे ४५० माणसं. जलजीवन मिशनची नळयोजना माणशी ५५ लिटरवर आखलेली असते. पण नव्या घरात फ्लश असतो, वॉशिंग मशीन असतं, वर टाकी असते. तिथे शहराचं माप लावायचं, माणशी १३५ लिटर. ४५० गुणिले १३५, म्हणजे दिवसाला ६०,७५० लिटर. हाच आकडा ५५ नं भागा. गावातल्या अकराशे माणसांचं पाणी ही ९० घरं रोज वापरणार आहेत. ग्रामसभेत मी हा आकडा फळ्यावर लिहायला लावते. "घरामागे एक नळ" म्हटलं की मागणी लहान वाटते, फळ्यावर आकडा आला की लोक विचार करायला लागतात.

दुसरी बाजू पाणी किती आहे याची. लेआउटवाला सांगतो, "चार बोअर घेतलेत, दोन-दोन इंच पाणी आहे." विचारा, कधी मोजलं? आपल्याकडे ऑक्टोबरात सगळ्याच बोअरला पाणी असतं. मोजायचं ते मे महिन्यात, आणि तेही एकेक बोअर वेगळं नाही, चारही एकाच वेळी चालू करून. आपली जमीन बेसाल्टची. वर मुरूम, खाली मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. चारही बोअर एकाच भेगेवर असतील तर ते एकच बोअर समजायचं, चौपट पाणी मिळत नाही. उलट शेजारच्या शेतकऱ्याची विहीर आटते आणि भांडण गावाच्या पदरी पडतं.

मोजायला मोठं यंत्र लागत नाही. चारही बोअरचं पाणी एका पाइपात घ्या, त्याखाली २०० लिटरचा ड्रम ठेवा आणि मोबाइलवर वेळ लावा. पण पहिला ड्रम मोजून घरी जाऊ नका. पंप दिवसभर चालू ठेवा आणि दर तासाला पुन्हा मोजा. सकाळी २ मिनिटांत भरणारा ड्रम संध्याकाळी ४ मिनिटं घेत असेल, तर संध्याकाळचा आकडा खरा. ४ मिनिटांना २०० लिटर म्हणजे तासाला ३,००० लिटर. वीज आणि बोअरची विश्रांती धरून दिवसाला ६ तास उपसा होईल असं माना, तर १८,००० लिटर. पंप बंद केल्यावर पाणी पुन्हा मूळ पातळीला यायला किती वेळ लागतो, तेही लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चढत नसेल तर ६ तासही जास्त झाले.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. जवळच्या निरीक्षण विहिरीचे जुने आकडे जिल्हा कार्यालयात मागा, आणि त्यातलं सगळ्यात वाईट वर्ष शोधा. सरासरी घेऊ नका, सरासरीनं कुणाची घागर भरत नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीवर १९९३ च्या भूजल कायद्यानंच बंधन आणलं होतं. म्हणून गावाच्या विहिरीपासून लेआउटच्या बोअरपर्यंतचं अंतर टेप लावून मोजा.

मग छतावरच्या पाण्याची गोष्ट निघते. माझा या कामावर जीव आहे, पण त्याचाही हिशेब खरा मांडला पाहिजे. १ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळतं. १,००० चौरस फुटांचं छत म्हणजे ९३ चौरस मीटर. दुष्काळी वर्षात ३५० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातलं ८० टक्के हाती आलं, तर २६,००० लिटर होतात. ५ माणसांच्या घराला ते सव्वा महिना पुरेल. बैठ्या घराला हा मोठा आधार आहे. पण ४० फ्लॅटची इमारत घ्या, छत ५,००० चौरस फूट. तिथे १ लाख ३० हजार लिटर जमतात आणि रोजची गरज २७,००० लिटरची आहे. पाच दिवसही निघत नाहीत. म्हणून "रेन वॉटर हार्वेस्टिंग केलंय" एवढ्यावर इमारतीला दाखला देऊ नका. ते करायलाच हवं, पण त्यामागे स्रोत हवाच.

इमारतीचं पाणी खरं वाचतं ते वापरलेल्या पाण्यात. १३५ लिटरमधले ४५ लिटर फ्लशला जातात. आंघोळीचं आणि धुण्याचं पाणी शुद्ध करून फ्लशला दिलं तर तिसरा हिस्सा वाचला. त्यासाठी पाइप दुहेरी लागतात, आणि ते भिंत बांधतानाच घालावे लागतात, नंतर कुणी भिंती फोडत नाही. म्हणून ही अट नकाशाच्या वेळीच घाला. बांधकामालाही पिण्याचं पाणी देऊ नका. पुणे महापालिकेनं बांधकामासाठी मैलाशुद्धीकरण केंद्रातलं प्रक्रिया केलेलं पाणी वापरायला लावलं आहे. शहराला लागून असलेल्या गावांनीही ही मागणी लावून धरावी.

"कमी पडलं तर टँकर घालू" असं हमीपत्र आलं तर त्यात विहिरीचा गट नंबर आणि मालकाची संमती मागा. ६०,७५० लिटर म्हणजे १२ हजारी टँकरच्या रोज पाच खेपा, आणि टँकर कुठल्या तरी गावाच्या विहिरीवरच भरतो. दुष्काळात तेही गाव तहानलेलं असतं, आणि त्याची विहीर तहसीलदार अधिग्रहित करू शकतात. मग हमीपत्राचं काय करणार?

एवढं झालं की ठराव लिहा. वरच्या उदाहरणात मे महिन्याचं पाणी १८,००० लिटर आलं. घरामागे ६७५ लिटर (५ माणसं गुणिले १३५) धरले तर २६ घरं बसतात. मी ९० घरांना नाही म्हणत नाही. इथे घर घेणारे शिक्षक आहेत, दवाखान्यातल्या नर्स आहेत, मुलांच्या शिक्षणासाठी लातूरला आलेली कुटुंबं आहेत. शहरात भाडं परवडत नाही म्हणून ती आपल्याकडे येतात. जमीन विकणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यालाही तो पैसा लागतो. म्हणून टप्पे पाडा. ठरावात असं लिहा: "पहिल्या टप्प्यात २६ घरांपुरताच पाण्याचा दाखला देण्यात येत आहे. पुढील घरांचा दाखला, विकासकाने नवा स्रोत किंवा पुनर्वापराची व्यवस्था उभी करून मे महिन्यात समितीसमोर मोजून दाखवल्यावर देण्यात येईल. टंचाईत या स्रोतांवर गावाच्या पिण्याच्या पाण्याचा पहिला हक्क राहील." त्याची प्रत नगररचना कार्यालयाला पाठवा, कारण लेआउटची मंजुरी ग्रामपंचायत देत नाही, आणि तुमचा ठराव त्यांच्या फायलीत नसेल तर तो नसल्यासारखाच आहे.

हा विषय शक्यतो १ मेच्या ग्रामसभेत घ्या. २ ऑक्टोबरला ओढा वाहत असतो आणि कुणी ऐकत नाही. मे महिन्यात बायका सभेला येतात ते पाण्यासाठीच, त्यांना आधी बोलू द्या. कोणत्या गल्लीला किती दिवसांनी पाणी येतं ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. प्लॉट घ्यायला आलेल्या माणसालाही मेचा आकडा कळायला हवा, म्हणून तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि दरवर्षी बदला.