कोळशाची पारगम्यता आणि मायक्रोवेव्ह: प्रयोगात या चुका टाळा

कोल्हापूरच्या पायाखाली बेसाल्ट आहे, कोळसा नाही. त्यामुळे थरातला मिथेन सहज निघावा म्हणून मायक्रोवेव्हने कोळशाची पारगम्यता (त्यातून वायू वाहू देण्याची क्षमता) वाढवण्याचा विषय इथे प्रोजेक्टला घेतला, की पहिली चूक सॅम्पल आणतानाच होऊ शकते. शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीतून ‘कोळसा’ म्हणून जे हाती येतं, तो लोखंड वितळवणाऱ्या कपोला भट्टीचा कोक, म्हणजे आधीच भाजलेला कोळसा, असू शकतो. कोकमधली ओल आणि बाष्पशील द्रव्यं आधीच निघून गेलेली असतात. तो वीज वाहतो, त्यामुळे ओव्हनमध्ये ठिणग्या टाकत भराभर तापतो. ते पाहून प्रयोग जमला असं समजू नका. वर्धा खोऱ्यातला, चंद्रपूर किंवा वणीकडचा दगडी कोळसा मिळवा. खाणीतून निघाल्याबरोबर तो प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून यायला हवा.

घट्ट का, तर मुख्य कामगिरी त्या ओलीचीच आहे. कोरडा कोळसा मायक्रोवेव्ह फारशी शोषत नाही. पाणी जोरात शोषतं, पायराइटसारखी काही खनिजंही शोषतात. छिद्रांतल्या पाण्याची वाफ होते, दाब वाढतो, बारीक भेगा उघडतात आणि पाण्याने अडवलेल्या वाटा मोकळ्या होतात. शेजारशेजारचे कण कमीजास्त तापल्यानेही तडे जातात. दोन आठवडे टेबलावर उघडा पडलेला तुकडा आत ठेवला आणि काहीच घडलं नाही, तर दोष मॅग्नेट्रॉनचा (ओव्हनमध्ये लहरी तयार करणाऱ्या भागाचा) नाही. उलट वाळवलेला कोळसा जुलैच्या दमट हवेत पुन्हा ओल धरतो, म्हणून तापवल्यानंतर सॅम्पल डेसिकेटरमध्येच (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा.

आता पॉवर. साध्या ओव्हनमध्ये 50 टक्के म्हणजे निम्म्या ताकदीच्या लहरी नव्हेत. मॅग्नेट्रॉन काही सेकंद पूर्ण चालू आणि काही सेकंद बंद राहतो. कोळशाच्या दृष्टीने हे दोन वेगळे प्रयोग आहेत. पाटीवरचे वॉटही तसेच्या तसे रिपोर्टात उतरवू नका. एक लिटर पाणी एक मिनिट तापवा, ढवळून तापमान मोजा. 10 अंश वाढलं तर पाण्याला साधारण 700 वॉट मिळाले. 2.45 गिगाहर्ट्झची लहर सुमारे 12 सेंटिमीटर लांब असते, त्यामुळे ओव्हनमध्ये काही जागा तापतात, काही थंड राहतात. प्रत्येक सॅम्पल त्याच जागी, त्याच दिशेने ठेवा.

तापमानासाठी साधा थर्मोकपल (धातूच्या तारांचा तापमापक) आत घालू नका. धातू ठिणगी पाडतो आणि वाचनही खोटं येतं. इन्फ्रारेड बंदूक फक्त पृष्ठभाग सांगते, गाभा त्याहून बराच गरम असू शकतो. फायबर ऑप्टिक सेन्सर मिळाला तर उत्तम. नाहीतर थोडा वेळ तापवा, थांबा, वजन करा, पुन्हा तापवा. एका दमात ताणलं, की एखादी जागा जळून कोकसारखी होते, जळका भाग लहरी आणखी शोषतो आणि तापमान हाताबाहेर जातं. त्या वेळी ज्वलनशील वायू आणि कार्बन मोनॉक्साइड सुटतो. म्हणून नायट्रोजनचा प्रवाह आणि बाहेर काढणारा पंखा हवाच, आणि ज्यात जेवण गरम होतं तो ओव्हन या कामाला कधीच वापरू नका.

पारगम्यता वाढण्याऐवजी घटली, तर बहुधा जास्त तापवलंय. डांबर सुटून भेगांत बसतं, भुकटी वाटा बुजवते. कोकिंग कोळसा (ज्यापासून कोक बनवतात तो) तर साधारण 350 ते 500 अंशांत मऊ पडून फुगतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र मोजमापातली आहे. छिद्रं वाढली म्हणजे वायू वाहू लागला असं होत नाही; छिद्रं एकमेकांना जोडलेली लागतात. त्यामुळे फक्त सच्छिद्रता मोजून पारगम्यतेचा निष्कर्ष काढू नका. टेबलावर सुटा ठेवलेला कोअर (कोळशातून कापलेला दंडगोल तुकडा) भरपूर वायू सोडतो, कारण भेगा मोकळ्या आहेत. 500 मीटर खोलीवर वरच्या खडकाचा दाब सुमारे 12 मेगापास्कल असतो आणि त्याखाली यांतल्या बऱ्याच भेगा मिटतात. कोअरभोवती दाब देऊन, आधी आणि नंतर, त्याच दिशेने मोजा. वायू हेलियम घ्या. कार्बन डायऑक्साइड शोषून कोळसा फुगतो आणि आकडा बिघडतो. शिवाय जुळा कोअर साध्या हॉट एअर ओव्हनमध्ये 105 अंशांवर तितकंच वजन घटेपर्यंत वाळवा. त्या दोघांतला फरक एवढंच मायक्रोवेव्हचं श्रेय.

रिपोर्टात ‘खाणीत वापरता येईल’ असं लिहिण्याआधी विजेचा हिशेब करा. 10 टक्के ओल असलेल्या एक टन कोळशातलं पाणी वाफाळायलाच किमान 70 युनिट लागतात, कोळसा तापवण्याची वीज वेगळी. ओल्या कोळशात या लहरी फार खोल जात नाहीत, म्हणून बोअरहोलभोवतीचा पट्टाच उघडतो. कोळशाच्या थरातून मिथेन काढणाऱ्या विहिरीला तेवढं पुरेल का, हा प्रश्न तुमच्या आकड्यांनीच सोडवायचा आहे.